एका ‘आ’चा पाठलाग: शब्दरचनेचे सिद्धांत शिकायला बसणाऱ्यांसाठी

भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला की ध्वनिविचार हळूहळू अंगवळणी पडतो. मग रूपविचार, म्हणजे शब्द कसे घडतात याचा अभ्यास, येतो आणि अर्धा वर्ग गांगरतो. मीही गांगरले होते. पुण्यात एम.ए. करत असताना पहिले दोन महिने मी सिद्धांतांची नावं, त्यांचे कर्ते आणि सनावळ्या पाठ करण्यात घालवले. पहिल्या निबंधात ‘घराला’ हा शब्द मी ‘घर’, ‘आ’, ‘ला’ असा तोडला. ‘आ’खाली लिहिलं ‘विभक्ती’ आणि ‘ला’खालीही लिहिलं ‘विभक्ती’. बाईंनी समासात एकच ओळ लिहिली होती: ‘दोघांचं काम एकच असेल, तर एकाला कामावर ठेवलंच कशाला?’

त्या ओळीने मला जे शिकवलं ते सनावळ्यांनी शिकवलं नव्हतं. शब्दरचनेचा प्रत्येक सिद्धांत हे कुठल्यातरी अडचणीवरचं उत्तर असतं. अडचण आधी स्वतःच्या हाताला लागली पाहिजे, मग उत्तर वाचावं. आपल्याला ती शोधायला लांब जावं लागत नाही. मराठीचं सामान्यरूप, म्हणजे ‘ला’, ‘वर’ असं काही लागण्याआधी ‘घर’चं ‘घरा’ होतं ते, तोंडात रोज शंभरदा येतं. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत आपण त्या ‘आ’च्याच मागे जाणार आहोत.

जवळ काय हवं

- दोनेकशे कोरी कार्डं आणि ती ठेवायला खोका. अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. लॅपटॉपवरचा तक्ता नंतर करा. सुरुवातीला कार्डं हाताने हलवता येणं फार उपयोगाचं असतं.
- मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. जाडजूड आहे, सगळं वाचायचं नाही. सामान्यरूपाचा भाग तेवढा पेन्सिल घेऊन वाचा.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते.
- आयपीएचा, म्हणजे उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीचा तक्ता आणि लाइपझिग ग्लॉसिंगचे, म्हणजे शब्दाच्या तुकड्यांखाली त्यांचे अर्थ लिहायचे नियम. दहाच नियम आहेत, एका संध्याकाळी होतात.
- फोनवरचं रेकॉर्डर. समोरच्याला विचारल्याशिवाय चालू करायचं नाही.

१. नावांचा गोंधळ पहिल्याच आठवड्यात मिटवा

इंग्रजीत जिला मॉर्फीम म्हणतात तिला मराठी पुस्तकांत कुठे रूपिका, कुठे रूपिम, तर कुठे पदिम म्हटलेलं सापडेल. शाळेच्या व्याकरणात ‘शब्दसिद्धी’ येते, तीही याच घरातली, पण तिचा आवाका वेगळा. तीन लेखकांचे तीन शब्द म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी असं समजून मी वहीत तीन व्याख्या लिहिल्या होत्या. तुम्ही एकच शब्द निवडा, पहिल्या पानावर लिहून टाका आणि परीक्षेपर्यंत तोच वापरा. मी इथे ‘रूपिका’ म्हणते: अर्थ किंवा काम असलेला भाषेचा सर्वांत छोटा तुकडा.

ही व्याख्या लक्षात ठेवा. ‘अर्थ किंवा काम असलेला’ हेच शब्द पुढे अडचणीत येणार आहेत.

२. बसमध्ये बसा आणि ऐका

सिद्धांताच्या आधी माल हवा. मी माल गोळा केला तो पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसमध्ये, कारण तिथे प्रत्येक जण कंडक्टरला आपण कुठे जाणार ते सांगतो. ‘येरवड्याला’, ‘कोंढव्याला’, ‘खडकवासल्याला’. आणि त्याच बसमध्ये ‘कोथरूडला’, ‘हडपसरला’, ‘औंधला’, ‘कात्रजला’. पहिल्या गटात नाव उघडलं, त्याचं सामान्यरूप झालं. दुसऱ्या गटात नाव जसंच्या तसं राहिलं. ‘कोथरूडाला’ म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही.

थोडं थांबून ऐकलं की आणखी एक गंमत कळते. रविवारी पहाटे मित्र विचारतो, ‘सिंहगडला येतोस का?’ आणि वर पोचल्यावर फोनवर तोच सांगतो, ‘सिंहगडावर आहे.’ नाव तेच, माणूस तोच. ‘ला’च्या आधी ‘आ’ नाही, ‘वर’च्या आधी आहे.

प्रत्येक कार्डावर एक रूप लिहा आणि खाली चार गोष्टी: कोण बोललं (नाव नको, अंदाजे वय आणि गाव पुरे), कुठे, कधी, आणि आख्खं वाक्य. आख्खं वाक्य लिहायचा कंटाळा येतो. पण चौथ्या आठवड्यात सुटा शब्द तुम्हाला काहीच सांगत नाही, वाक्य सांगतं. वसतिगृहात राहत असाल तर तुमच्यासारखं नशीब कुणाचं नाही. विदर्भातली मैत्रीण ‘घराले’ म्हणते, तेव्हा ‘ला’ बदलतो आणि ‘आ’ तसाच राहतो, हे एका कार्डावर दिसून जातं. तिला दुरुस्त करू नका. तिचं रूप तुमच्या रूपाइतकंच खरं आहे.

३. कापण्याआधी देवनागरी बाजूला ठेवा

हा सापळा सगळ्यांत मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘घराला’ देवनागरीत लिहिलं की डोळ्याला घ, रा, ला अशी तीन अक्षरं दिसतात. पण रूपिकेची सीमा जाते ती ‘रा’च्या मधोमध: ‘र्’ इकडचा, ‘आ’ तिकडचा. मात्रा व्यंजनाला चिकटलेली असल्यामुळे आपली लिपी ती जागा झाकून टाकते. ‘पाण्याला’मध्ये तर ‘पाणी’चा ‘ई’ विरघळून ‘य्’ झालेला असतो. म्हणून शब्द आधी आयपीएत लिहा आणि मगच रेघ मारा. मी महिनाभर आळस केला आणि नंतर सगळी कार्डं पुन्हा लिहायला बसले.

याच सापळ्याची दुसरी बाजू म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. ‘मूल’चं ‘मुलाला’, ‘जीभ’चं ‘जिभेला’. पाहिल्याबरोबर ‘स्वर बदलला’ असं लिहावंसं वाटतं. त्यातला किती बदल कानाला कळतो आणि किती फक्त शुद्धलेखनाचा आहे, हे रेकॉर्डिंग ऐकून ठरवा. ‘कापूस’चं ‘कापसाला’ होताना मात्र ‘ऊ’ खरोखरच जातो, आणि ‘पाऊस’चं ‘पावसाला’ होताना त्याचा ‘व’ होतो. ही कार्डं वेगळ्या रंगाची करा.

४. एकच शब्द तीन चौकटींत बसवा

आता सिद्धांत. १९५४ साली चार्ल्स हॉकेट यांनी शब्दाच्या वर्णनाच्या दोन पद्धती समोरासमोर ठेवल्या: ‘घटक आणि मांडणी’ आणि ‘घटक आणि प्रक्रिया’. तिसरी, ‘शब्द आणि रूपावली’, ही ग्रीक-लॅटिन व्याकरणांची जुनी वाट. तिचा त्यांनी नुसता उल्लेख केला आणि ते पुढे गेले. १९५९ मध्ये आर. एच. रॉबिन्स यांनी तिची बाजू घेतली. हे पुण्यापासून फार लांबचं वाटत असेल तर एक सांगते. हॉकेट ज्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत, तिथेच डॉ. अशोक केळकर यांनी १९५८ साली मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर पीएच.डी. केली, आणि पुढे इथे डेक्कन कॉलेजात ते शिकवत होते.

घटक आणि मांडणी. शब्द म्हणजे ओळीने लावलेले मणी. घर + आ + ला. समजायला सोपी, म्हणून नवखा इथेच रमतो. पण ‘आ’ या मण्याचा अर्थ काय? अनेकवचन नाही, लिंग नाही, आणि विभक्तीचं काम तर ‘ला’ करतो आहे. हॉकेटच्या काळच्या लोकांनी अशा तुकड्याला ‘रिकामा’ म्हणून वाट काढली. पण अर्थ किंवा काम असलेला तुकडा अशी व्याख्या करायची आणि मग त्यात रिकामा तुकडा बसवायचा, हे मला कधी पटलं नाही. उलट बाजूची अडचणही घ्या: ‘एक दगड’, ‘दहा दगड’. अनेकवचन आहे, पण मणीच नाही. तिथे शून्य मणी धरावा लागतो.

घटक आणि प्रक्रिया. इथे मणी नाहीत, क्रिया आहेत. ‘घर’वर एक क्रिया केली की ‘घरा’ होतं. या चौकटीची ताकद नामांपेक्षा क्रियापदांत कळते. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे, फाटणे–फाडणे. ‘पाडणे’मधला ‘करायला लावणारा’ तुकडा कापून दाखवा बरं. तो वेगळा निघतच नाही, स्वर आतल्या आत बदललेला असतो. मणीवाल्यांना इथे बरीच कसरत करावी लागते. प्रक्रियावाला ‘स्वर बदला’ किंवा ‘ट’चा ‘ड’ करा, एवढंच म्हणतो. पण येणे–आला, जाणे–गेला इथे तोही हात टेकतो, कारण ‘जा’चा ‘गे’ करणारी प्रक्रिया त्या एका धातूपलीकडे कुठे चालतच नाही.

शब्द आणि रूपावली. इथे सुरुवात तुकड्यापासून होत नाही, आख्ख्या शब्दाच्या तक्त्यापासून होते. कार्डं टेबलावर पसरा आणि स्त्रीलिंगी नामांचे दोन ढीग करा. वीट–विटा–विटेला, वाट–वाटा–वाटेला, माळ–माळा–माळेला, जीभ–जिभा–जिभेला. दुसऱ्या ढिगात भिंत–भिंती–भिंतीला, विहीर–विहिरी–विहिरीला, म्हैस–म्हशी–म्हशीला. अनेकवचन ‘आ’ने संपलं तर सामान्यरूप ‘ए’चं, ‘ई’ने संपलं तर ‘ई’चं. एक रूप माहीत असेल तर दुसरं ओळखता येतं. वीट आणि भिंत यांच्या अर्थात किंवा उच्चारात याचं कारण सापडत नाही. ते कारण तक्त्यातल्या रूपांच्या आपापसातल्या नात्यात आहे. मग एक कार्ड असं येतं जे दोन्ही ढिगांत बसत नाही: चूक–चुका, पण ‘चुकीला’. ते फेकू नका. अशी कार्डं वेगळ्या पाकिटात ठेवा, निबंध त्यांतूनच निघतो.

५. ‘घरचा’ आणि ‘घराचा’ या जोडीवर एक आख्खी दुपार घालवा

‘आ’ रिकामा आहे असं ठरवून मी मोकळी झाले होते. मग एक दिवस डबा उघडता उघडता मैत्रीण म्हणाली, ‘घरचं जेवण आहे, घे.’ घरचं. घराचं नाही. ‘घराचं छप्पर’, ‘घराचं भाडं’ म्हणतो, पण ‘घराचं जेवण’ म्हणत नाही. तसंच ‘गावचा पाटील’, ‘शेजारचा मुलगा’. ‘आ’ असण्या-नसण्याने अर्थ बदलतो, तर तो रिकामा कसा?

पहिलं उत्तर मला असं सुचलं की मराठीत ‘चा’ दोन आहेत. एक सामान्यरूपाला लागतो: घराचा. दुसरा क्रियाविशेषणाला थेट लागतो: कालचा, आजचा, वरचा, बाहेरचा. ‘घरचा’मधलं ‘घर’ हे ‘बाहेर’सारखं स्थळ सांगणारं मानलं की प्रश्न मिटतो. मी खूश झाले आणि झोपले.

सकाळी कुणीतरी म्हणालं, ‘आमच्या घरचं जेवण.’ आता ‘आमच्या’कडे बघा. ते ‘आमचं’ राहिलेलं नाही. नामाचं सामान्यरूप झालं की विशेषणाचं असं होतं: आमचं घर, पण आमच्या घराला. म्हणजे ‘आमच्या घरचं’मध्ये ‘घर’ वरून उघडं-बोडकं दिसलं तरी वाक्याच्या लेखी ते सामान्यरूपातच आहे. ‘काल’ला असं विशेषण लावता येत नाही. मग बसमधली कार्डं पुन्हा काढली, आणि तिथेही तेच: ‘आमच्या कोथरूडला ये ना कधी.’

एकूण तीन गोष्टी हाती लागल्या. सामान्यरूप असणं आणि सामान्यरूप दिसणं या वेगळ्या बाबी आहेत. दिसलं नाही तरी शेजारचा शब्द चुगली करतो. आणि शब्दाच्या आतलं कळायला कधीकधी शब्दाच्या बाहेर बघावं लागतं. मार्क अरोनॉफ यांनी १९९४ साली लॅटिनमधल्या अशा मूलरूपांची, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीच्या रूपांची बाजू मांडली, ज्यांना स्वतःचा एकच असा अर्थ सांगता येत नाही, तरी रूपव्यवस्था ती नेमाने वापरते. ती चर्चा मी ‘आमच्या घरचं’च्या आधी वाचली होती आणि मला काही कळली नव्हती. नंतर वाचली तेव्हा दुपारभरात कळली.

६. नव्या सिद्धांतांना दोनच प्रश्न विचारा

१९७० नंतर नावांची रांग लागते आणि विद्यार्थी घाबरतो. ग्रेगरी स्टंप यांनी २००१ साली एक वर्गवारी केली. ती दोन प्रश्नांवर उभी आहे. दोन्ही प्रश्न ‘घरांना’ या शब्दाला विचारा.

पहिला: अर्थ तुकड्यात साठवलेला आहे की नियमात? दुसरा: तुकडा जोडल्यावर अर्थाची भर पडते, की अर्थ आधी ठरलेला असतो आणि रूप तो फक्त व्यक्त करतं?

‘घराला’चं अनेकवचन ‘घरांना’. अनेकवचन एकदा अनुस्वारात दिसतं आणि पुन्हा ‘ला’च्या जागी आलेल्या ‘ना’त. ‘मुलीने’–‘मुलींनी’तही तसंच. तुकड्यागणिक अर्थाची भर पडते असं मानणाऱ्याला एकच अनेकवचन दोनदा का आलं ते सांगावं लागतं. अर्थ आधी ठरलेला आहे असं मानणारा म्हणतो, वैशिष्ट्यं ठरली आहेत, ती एकदा दाखवा नाहीतर तीनदा. या दुसऱ्या, ‘अर्थ आधी’वाल्या बाजूला मॉरिस हॅले आणि अ‍ॅलेक मॅरँट्झ यांचा १९९३चा ‘डिस्ट्रिब्यूटेड मॉर्फॉलॉजी’ हा सिद्धांत आहे, आणि स्टीफन अँडरसन (१९९२) व खुद्द स्टंपही आहेत. फरक पहिल्या प्रश्नावर आहे. हॅले-मॅरँट्झ तुकडे मानतात, फक्त ते वाक्यरचना झाल्यावर जागेवर बसवले जातात. अँडरसन आणि स्टंप प्रत्ययांना सुटे तुकडे मानतच नाहीत. त्यांच्याकडे नियम काम करतात.

या दोन प्रश्नांचा चार चौकोनांचा तक्ता भिंतीवर लावा. नवीन नाव आलं की आधी ते कोणत्या चौकोनात बसतं ते पाहा, बाकीचं सावकाश.

७. पाणिनीकडे जा, पण शाळेच्या आठ विभक्त्या घेऊन जाऊ नका

पुण्यात संस्कृत शिकलेली माणसं भोवती असतात, भांडारकर संस्था हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे कुणीतरी म्हणतंच, ‘हे सगळं पाणिनीने सांगून ठेवलंय.’ सगळं नाही, पण पुष्कळ. सुमारे चार हजार सूत्रांच्या त्या व्याकरणात ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) हे सूत्र आहे: जे असायला हवं ते न दिसणं म्हणजे लोप. आपल्या ‘आमच्या घरचं’मधल्या न दिसणाऱ्या ‘आ’कडे या सूत्रातून बघा. आधुनिक पुस्तकांतल्या शून्य रूपिकेवर टीका वाचाल तेव्हाही हे सूत्र शेजारी असू द्या.

सापळा वेगळाच आहे. आठ विभक्त्यांचा साचा संस्कृतचा. त्या साच्यात ‘घराला’मधला ‘ला’ प्रत्यय ठरतो आणि ‘घराकडे’, ‘घरापासून’मधले ‘कडे’, ‘पासून’ शब्दयोगी अव्ययं. पण सामान्यरूप दोघांनाही लागतं. मराठीत ही भिंत नेमकी कुठे घालायची, की घालायचीच नाही, हे तुमच्या कार्डांनी ठरवावं. ‘घरालाच’, ‘घराकडूनसुद्धा’ यांतले ‘च’ आणि ‘सुद्धा’ तर आणखी वेगळे. लाइपझिगच्या नियमांत अशा चिकटशब्दांना (इंग्रजीत क्लिटिक) संयोगचिन्हाऐवजी बरोबरचं चिन्ह (=) लावतात. तेवढं केलं तरी तुमचा कागद तपासणाऱ्याला बरं वाटतं.

८. भाषेत नसलेला शब्द बनवा आणि लहान मुलाला विचारा

१९५८ साली जीन बर्को यांनी मुलांना चित्रातला एक बनावट प्राणी दाखवून त्याचं अनेकवचन विचारलं होतं. पाठ केलेलं कुठलं आणि नियमाने आलेलं कुठलं, हे अशा शब्दांतूनच कळतं. मी दोन कापडी बाहुले घेतले, एकाचं नाव ‘गोबा’, दुसऱ्याचं ‘टिमूक’. शेजारच्या साडेपाच वर्षांच्या मुलीला सांगितलं, दोघांना भूक लागली आहे. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, ‘गोब्याला पोळी दे. टिमूकला नको, त्याला लाडू.’ ‘कापसाला’सारखं ‘टिमकाला’ होईल अशी माझी अटकळ होती. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, पण येरवडा आणि कोथरूड तिच्या तोंडून मला पुन्हा ऐकू आले. तुम्ही करणार असाल तर आईवडिलांची परवानगी घ्या, शब्द आधी मोल्सवर्थमध्ये पाहून खरंच नवे आहेत ना याची खात्री करा, आणि मुलाला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणू नका.

९. पहिला निबंध लिहिताना

विषय छोटा घ्या. ‘मराठी नामांची रूपव्यवस्था’ नको. ‘गावांच्या नावांपुढचा ला’ पुरे. आधी माल, मग अडचण, मग दोन सिद्धांत, एवढंच. तिसरा सिद्धांत घुसवण्याचा मोह होतो, आवरा. व्युत्पत्ती लिहायची हुक्की येते, तीही आवरा: शब्द प्राकृतातून कसा आला हे आजचा बोलणारा तो कसा घडवतो याचं उत्तर नसतं. आणि पाकिटातल्या न बसणाऱ्या कार्डांसाठी एक परिच्छेद राखून ठेवा.

माझ्या पाकिटात एक आडनाव अजून पडून आहे. आजी ‘फडक्यांकडे हळदीकुंकू आहे’ म्हणायची. मी ‘फडक्यांकडे’ही म्हणते आणि ‘फडकेंकडे’ही. भाची फक्त ‘फडकेंकडे’ म्हणते, आणि ‘फडक्यांकडे’ ऐकलं की तिला पुसायचं फडकं आठवतं. गोखले, दामले, साने यांचंही तसंच चाललं आहे. तुमच्या कानावर यातलं काही पडलं तर कार्ड करा: वय, गाव, तारीख आणि आख्खं वाक्य.